लेकराची रानातली बाज



रोप कधी लावावे, कसे लावावे, पाणी कधी तोडावे, हे सांगत गावोगाव हिंडण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. आज मात्र मी तुमच्याशी बी-बियाण्यांविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते तुमच्या बांधावर निजणाऱ्या लेकराविषयी. ‘साहेब, हे बायामाणसांचे काम, यात तुम्ही कशाला पडता?’ असे कोणी म्हणेल. पण मला हा धडा माझ्याच घरात मिळाला आहे, आणि तो मिळताना माझ्या नातवाच्या कपाळाला तीन टाके पडले आहेत. म्हणून लिहितो.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी उरकली होती आणि कापसाची दुसरी वेचणी आली होती. मजूर मिळेनात. तेव्हा आमच्या घरची मंडळी आणि सूनबाई दोघीही रानात जाऊ लागल्या. नातू तेव्हा अठरा महिन्यांचा. तो अगदी लहान असल्यापासून बांधावरच्या बाभळीला साडीची झोळी बांधायची, दोन झोके द्यायचे की तो निजायचा. पण आता तो झोळीत उठून उभा राहू लागला होता. मला भीती वाटली. मी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पाइपाची एक छोटी घडीची बाज करून घेतली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, वर नवार ताणून विणलेली. पाय मिटले की सायकलच्या कॅरिअरला बांधून नेता येईल अशी. मला माझ्या अकलेचे फार कौतुक वाटले.

दुसऱ्याच दिवशी ती बाज रानात नेली, बाभळीखाली मांडली आणि दुपारी नातवाला तीवर निजवले. त्याने एकदा बाजेकडे पाहिले, एकदा आईकडे पाहिले आणि जो टाहो फोडला तो तासभर थांबेना. सूनबाई म्हणाली, ‘मामा, राहू द्या. आजच्या दिवस झोळीच बांधते. कापूस फुटून लोंबतोय.’ मीही ‘बरं’ म्हणालो. झोळीत तो निजला, पण अर्धवट झोपेतून उठला, उभा राहिला, झोळी कलली आणि तो बाभळीच्या मुळीवर कपाळावर पडला. ग्रामीण रुग्णालयात नेले, टाके घातले, देवाच्या दयेने एवढ्यावर निभावले.

त्या रात्री माझी म्हातारी आई मला म्हणाली, ‘तू लोकांस्नी सांगत हिंडतोस, की वाफ्यातलं रोप उपटून एकदम उन्हात लावू नका. आन् लेकराला मात्र घरातनं उपटलंस आन् बांधावर लावलंस!’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच.

रोप आणि लेकरू

तुम्ही टोमॅटोचे, मिरचीचे रोप करता. लावणीच्या आधी आठवडाभर वाफ्याचे पाणी हळूहळू कमी करता, वरची सावली काढता, रोपाला ऊन-वाऱ्याची सवय लावता. उपटण्याआधी वाफा भिजवता, म्हणजे मुळाशी थोडी माती राहते. ऊन उतरल्यावर लावणी करता. एवढे केले तरी रोप पहिला दिवस मान टाकतेच. पण ते मरत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभे राहते. जो हे करत नाही त्याचे निम्मे रोप जळते.

लेकराचेही तसेच आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जागेची, वासाची, हाताची ओळख पक्की झालेली असते. आई दिसेनाशी झाली की ते घाबरते, आणि नवी जागा असली की जास्तच घाबरते. हा हट्ट नव्हे आणि वाईट खोडही नव्हे, ते वयच तसे आहे. आपण त्याची झोळी सोडवतो, झोका बंद करतो, घराबाहेर आणतो आणि वर आई कापसाच्या तासात दिसेनाशी होते. चारही गोष्टी एकाच दिवशी! मोठ्या माणसालासुद्धा पाहुण्याच्या घरी पहिल्या रात्री झोप लागत नाही, तर त्या जिवाने काय करावे?

म्हणून माझे आजचे सांगणे एवढेच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. बाज आधी घरात रुजू द्या, मग रानात न्या.

झोळी कधी सोडवायची?

झोळीला मी नावे ठेवत नाही. आपण सगळे झोळीतच वाढलो. पण मूल आपले आपण उठून बसू लागले, कशाला तरी धरून उभे राहू लागले, की झोळीचे दिवस संपले असे समजा. झोळी कलते, मूल डोक्यावर पडते. त्याहून वाईट म्हणजे साडीचा पीळ गळ्याभोवती बसतो. असा फास बसून मुले दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ज्या घरात थोडी मोठी मुले झोळीत बसून गरगर फिरण्याचा खेळ खेळतात, तिथे तर झोळी काम झाल्याबरोबर सोडून ठेवावी.

आणि ‘मग जमिनीवरच गोधडी टाकू’ असेही करू नका. वेचणीच्या दिवसांत बांधावर, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, दगडांच्या फटीत विंचू आणि साप असतात. बाज हवी ती यासाठी.

बाज कशी असावी?

विकतची घ्या की गावात करून घ्या, एवढ्या गोष्टी पाहा.

उंची फूट-सव्वा फुटाहून जास्त नको. मूल कधी ना कधी पडणारच. उंची कमी असेल तर लागणार नाही. घडीच्या पायांना पक्की कडी किंवा खिटी हवी. मूल वर असताना पाय मिटला तर बोटे सापडतात. मांडल्यावर आधी स्वतः हाताने दाबून पाहा. नवार घट्ट ताणलेली असावी. ढिली झाली की मधे खोलगा पडतो आणि कडेला फट राहते, त्यात मुलाचे तोंड किंवा मान अडकू शकते. चौकटीच्या कडा आणि वेल्डिंगचे टोक कानशीने घासून घ्या.

वर एक पातळ गोधडी पुरे. जाड मऊ गादी, उशी, कापडाचे गठ्ठे नकोत. डास-माश्या लागू नयेत म्हणून तोंडावर पदर किंवा दुपटे टाकू नका, त्याने श्वास कोंडतो. त्यासाठी मच्छरदाणी बांधा आणि तिची कड गोधडीखाली चारही बाजूंनी खोचा. दोऱ्या लोंबत्या ठेवू नका.

आणखी एक. खताची, औषधाची किंवा प्रक्रिया केलेल्या बियाण्याची रिकामी पिशवी ‘चांगली जाड आहे’ म्हणून बाजेवर अंथरू नका. धुतली तरी नको. तिच्यातले विष नजरेला दिसत नाही.

दहा दिवसांची लावणी

कपाळाचे टाके निघाल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी घाई केली नाही. आम्ही जे केले ते दिवसांप्रमाणे सांगतो. तुमच्या मुलाला दोन दिवस जास्त लागतील, किंवा कमी. रोपेही सगळी एकाच दिवशी धरत नाहीत.

पहिले तीन दिवस बाज फक्त ओसरीवर मांडून ठेवली. निजायचे नावही काढले नाही. नातू तिच्यावर चढला, उतरला, तीवर बसून दूध-भाकरी खाल्ली, आपला लाकडी बैल तिच्यावर निजवला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी तीवर बसले की तो ‘माझी’ म्हणू लागला. माझ्या मते तिथेच निम्मे काम झाले. याच तीन दिवसांत झोक्याचे पाणी तोडायला घेतले. झोळी घरात, जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधली आणि कोणीतरी जवळ बसूनच त्याला निजवले. पहिल्या दिवशी नेहमीसारखा झोका, दुसऱ्या दिवशी हळू, तिसऱ्या दिवशी जेमतेम हलवून पाठीवर थापटणे.

चौथ्या दिवसापासून दुपारची झोप बाजेवर, पण घरातच. झोळीची जी साडी होती तीच चौपदरी करून बाजेवर घट्ट अंथरली आणि कडा खाली खोचल्या. ती साडी मुद्दाम धुतली नव्हती. तिला आईचा वास होता, झोळीचा वास होता. रोपाच्या मुळाशी माती राहू देतो ना, तीच ही माती. सूनबाई जवळ बसली, तेच गाणे म्हटले, तसेच थापटले. झोका मात्र नाही. पहिल्या दिवशी तो पाऊण तास कुरकुरला. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. तिसऱ्या दिवशी गाणे संपायच्या आत निजला.

सातव्या आणि आठव्या दिवशी बाज अंगणात, लिंबाखाली. आता उजेड, वारा, कोंबड्यांचा कलकलाट यांची सवय. बाज तीच, साडी तीच, वेळ तीच, फक्त डोक्यावरचे छप्पर गेले.

नवव्या दिवशी बाज रानात नेली. त्या दिवशी सूनबाईने वेचणीला जायचेच नाही असे ठरवले होते. तो दिवस मुलाचा. तो निजेपर्यंत ती जवळ बसली आणि तो उठला तेव्हाही समोर होती. हे फार महत्त्वाचे. जिथे डोळे मिटले तिथे उघडताना आई दिसली, तर मुलाचा त्या जागेवर विश्वास बसतो. एक दिवसाची मजुरी गेली असे तुम्ही म्हणाल. पण आधी रडारडीत किती अर्धे दिवस गेले होते, त्याचा हिशेब केला तर सौदा तोट्याचा नव्हता.

दहाव्या दिवसापासून ती दहा पावलांवरच्या तासात, मग वीस पावलांवर. पण कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात.

रडले तर काय करावे?

रडणारच. तेव्हा जवळ जा, हात ठेवा, दोन शब्द बोला, उठले असेल तर पुन्हा आडवे करा. रागावू नका आणि बागुलबुवाची भीतीही घालू नका. ज्या बाजेवर भीती घातली तिच्यावर ते मूल कधी निजणार नाही. आणि आमच्यासारखी चूक करू नका: तासभर रडवून शेवटी झोळी बांधू नका. त्यातून मूल एवढेच शिकते, की तासभर रडले की झोळी मिळते.

तापात, जुलाबात, दाढ येताना हा प्रयोग सुरू करू नका. लसीचेही लक्षात ठेवा. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मुलाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो, त्यानंतर एक-दोन दिवस अंग तापू शकते. लस चुकवू नका, बाजेचे काम दोन दिवस पुढे ढकला.

वेळ सांभाळा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातली दुपारची झोप रोज एकाच वेळी असावी, जेवण झाल्यावर. ‘जास्त दमला की आपोआप निजेल’ हा समज खोटा आहे. झोपेची वेळ टळलेले मूल जास्त चिडते आणि उशिरा निजते.

आता एक कडू गोष्ट सांगतो. मूल शांत निजावे म्हणून कोणी खोकल्याचे औषध पाजतात, कोणी झोपेची गोळी उगाळतात, पूर्वी अफूचा बोटभर चाटण देत. भगिनींनो, हे कधीही करू नका. त्या झोपेत मुलाचा श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. रडणारे लेकरू परवडले.

रानात बाज मांडताना

आता माझ्या खात्यातले थोडे. कार्तिक-मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. म्हणून दुपारी झाडाची सावली उत्तरेला पडते आणि दिवस कलेल तशी पूर्वेकडे सरकते. बाज झाडाच्या ईशान्येला मांडा, म्हणजे मूल निजल्यावर ऊन त्याच्या तोंडावर येणार नाही. तरी मधून मधून पाहाच.

झाडावर मोहोळ, वाळकी फांदी आहे का ते वर पाहा. खाली दगड, पालापाचोळा काठीने बाजूला करा. बाज विहिरीपासून आणि शेततळ्यापासून लांब मांडा. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा काठ इतका निसरडा असतो की मोठ्यालाही वर येता येत नाही. ट्रॅक्टरच्या वाटेवर, मळणी यंत्राजवळ, गंजीच्या आडोशाला मांडू नका. बंद गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये मुलाला कधी निजवू नका, आत थोड्याच वेळात भट्टी होते.

फवारणीच्या दिवशी मूल रानात नकोच. शेजारच्या रानात फवारणी असेल तरी नको, कारण वारा बांध ओळखत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी घेतले, ती तर धट्टीकट्टी माणसे होती. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलूनच लेकराला उचलावे.

इतके करूनही विंचू-सापाचा प्रसंग आलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. मुलाला शांत, न हलवता उचला, १०८ ला फोन करा आणि जवळचे रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. विंचवाचा दंशही लहान मुलाला जिवावरचा ठरू शकतो. पण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेत पोचलेली मुले वाचतात. वेळेत पोचणे मात्र आपल्या हाती.

बाजेजवळ कोण?

झोळी आणि बाज यांत एक मोठा फरक आहे. झोळीतून मुलाला आपले आपण उतरता येत नाही. बाजेवरून ते उठते, पाय खाली सोडते आणि चालू लागते. म्हणून बाज म्हणजे राखणदार नव्हे. जवळ मोठे माणूस हवेच. आमच्याकडे आईने ते काम घेतले. ‘कापूस वेचायला कंबर नाही, पर लेकराकडं बघायला डोळं हायेत,’ म्हणाली. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस नाही त्यांनी दोन-तीन घरांनी मिळून पाळी लावावी: एकीने सगळ्यांची लेकरे सांभाळावी, बाकीच्यांनी तिच्या वाटणीचा कापूस वेचावा.

आणि हात जोडून विनंती, की त्यासाठी थोरल्या ताईची शाळा बुडवू नका. आठ-नऊ वर्षांची पोर बाजेशी बसवली की कापसाबरोबर तिचे वर्षही वेचले जाते. शिवाय मूल विहिरीकडे निघाले तर ती पोर एकटी काय करणार?

माहेरी, लग्नाला, ऊसतोडीला

बाज एकदा मुलाची झाली की ती कुठेही चालते. बीडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर लेकरे घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कोपीत राहतात, पहाटेच फडात उतरतात. त्यांनी तर निघण्याआधी पंधरा दिवस घरीच बाजेची सवय लावावी. तिथे रात्रीही मूल बाजेवर आणि मच्छरदाणीतच निजवा. मण्यार साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश फारसा दुखतही नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो.

माहेरी किंवा लग्नघरी पोचलात की सामान सोडण्याआधी बाज मांडा. मुलाला ती दिसू द्या, थोडे खेळू द्या. अंथरूण घरचेच न्या, नवे नको. रात्री बाज आईच्या अंथरुणाला लागून, हात पोचेल अशी. पहिली रात्र थोडी जड जाते, दुसरी सोपी.

यंदाही वेचणी सुरू झाली आहे. नातू आता अडीच वर्षांचा झाला. कपाळावरची खूण राहिली आहे, ती पाहिली की मला अजून माझी घाई आठवते. परवा दुपारी मी दौऱ्यावरून परत येताना रानावरून आलो. बाज बाभळीच्या ईशान्येला मांडलेली, आई शेजारी बसलेली. नातू जागा होता. मला पाहून म्हणाला, ‘आबा, गप. बैल निजलाय.’ आणि लाकडी बैलाच्या पाठीवर थापटत बसला.

तुमच्याही घरात या हंगामात एखादे लेकरू झोळीतून बाजेवर येणार असेल. त्याला दहा दिवस द्या. रोपाला देता, तेवढेच.